ऋणमोचनाची वाट

ऋणमोचन हे नाव ऐकले की परमुलखातल्या माणसाला वाटते, हे पुराणातले एखादे हरवलेले क्षेत्र असावे. प्रत्यक्षात ते अमरावती जिल्ह्यात, भातकुली तालुक्यात, पूर्णेच्या काठी वसलेले एक लहानसे खेडे आहे. काठावर मुद्गलेश्वराचे देऊळ आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते, आणि पूर्णेत बुडी मारली की माणूस ऋणातून मोकळा होतो अशी समजूत आहे. ऋण म्हणजे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण, असे शास्त्रीबुवा सांगतील. वऱ्हाडातल्या कुणब्याला मात्र ऋण म्हटले की आधी सावकाराची वही आठवते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. लढाई संपली, भाव उतरला, आणि त्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज तेवढे मागे राहिले. अशा मुलखात ऋणमोचन नावाच्या गावाला गर्दी न होती तरच नवल.

पण मला इथे सांगायचे आहे ते ऋणको यात्रेकरूंविषयी नव्हे. त्यांच्या सोबत, त्यांच्याच बंडीत मागच्या अंगाला टेकून जे येत, त्यांच्याविषयी. आंधळे, पांगळे, जुन्या दुखण्याने खंगलेले, आणि बंडीत ज्यांना कोणी घेत नसे ते. तीर्थयात्रेचा इतिहास लिहिणारे राजांच्या दानपत्रांविषयी लिहितात, देवळांच्या शिखरांविषयी लिहितात. धडधाकट माणूस दुखणाईताला यात्रेला कसा नेई आणि नेल्यावर त्याचे काय होई, हा विषय सहसा कोणी घेत नाही. वऱ्हाडात या प्रश्नाला गेल्या सव्वाशे वर्षांत जे उत्तर मिळत गेले, ते मला आमच्या प्रांताच्या राजकीय इतिहासापेक्षा कमी मोलाचे वाटत नाही.

शास्त्राने या माणसाची काय सोय लावली होती, ते आधी पाहू. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे मोठे कौतुक आहे. यज्ञाला साहित्य लागते, द्रव्य लागते, ते राजांनी करावेत. तीर्थाला मात्र दरिद्री माणूसही जाऊ शकतो, असा तिथला आशय. हे फार मोठे औदार्य होते. पण त्याच ठिकाणी हेही म्हटले आहे की ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत त्यालाच तीर्थाचे फळ मिळते. अर्थ संयमाचा आहे हे मला समजते. तरी ज्याचे पायच त्याच्या ताब्यात नाहीत त्याने ते वचन कसे ऐकावे, असा विचार मनात येतोच. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थप्रकरण मोठ्या बारकाईने मांडले आहे. त्यात पुण्याचा जो हिशेब सापडतो तो पाहून मी थक्क झालो. वाहनात बसून गेल्यास फळ निम्मे. दुसऱ्याच्या वतीने, मोबदला घेऊन गेल्यास जाणाऱ्याला सोळावा हिस्सा. ज्याला जाणे शक्य नाही त्याच्या नावाने कुशाचा पुतळा करून तीर्थात बुडवला, तर त्या माणसाला आठवा हिस्सा. मत्स्यपुराणात तर प्रयागला बैलावर स्वार होऊन जाणाऱ्याला थेट नरक सांगितला आहे.

हे नियम करणाऱ्यांचे गुडघे शाबूत होते, हे उघड आहे. परंतु त्यांना निर्दय म्हणायला मी तयार नाही. पुतळ्याची युक्ती ज्याने काढली, त्याच्या डोळ्यांपुढे कोणी तरी अंथरुणाला खिळलेला माणूस असला पाहिजे. ‘तुला काहीच नाही’ असे त्याला सांगणे त्या पंडिताच्या जिवावर आले आणि त्याने दोन आणे पुण्य काढून दिले. अडचण एवढीच की या सगळ्या व्यवस्थेत दुखणाईत घरीच राहतो. यात्रेला जातो त्याचा पुतळा.

वऱ्हाडी माणसाने हा हिशेब कधी मनावर घेतला नाही. त्याने दुखणाइताला उचलून बंडीत घातले. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात, छपराच्या गाडीला दमणी. माझी आजी पूर्णाकाठच्याच गावची. तिच्या सांगण्यात बंडीतल्या जागांचा क्रम ठरलेला असे. पहिली जागा दुखणाइताची, मग म्हाताऱ्याची, मग तान्ह्या लेकराच्या आईची, आणि उरलीच तर पिठाच्या गाठोड्याची नि भांड्यांची. बाकीच्यांनी बैलांबरोबर पायी चालायचे. मी लहानपणी गाडीत बसण्यासाठी हट्ट धरला की ती म्हणे, “पाय हायेत ना तुले? मंग चाल की बाप्पा.” तिच्या तोंडी यात धर्माचे, पुण्याचे काही नसे. बैलांना ओझे किती झेपेल याचा तो रोखठोक विचार होता. पण बैलांना झेपेल तेवढ्या ओझ्यात पहिला नंबर आजाऱ्याचा लागे, ही गोष्ट मला शास्त्रातल्या सोळाव्या हिश्श्यापेक्षा मोठी वाटते.

गावातून पाच-सात बंड्या मिळून निघत. ज्याच्या घरी बंडी नाही त्याचा आंधळा बाप शेजाऱ्याच्या बंडीत बसे. रात्री नदीकाठी गोवऱ्यांचा हार लावून रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी आणि वरण करायचे, आणि पहाटे स्नानाला उतरायचे. इथवर सगळे सुरळीत चाले. खरी अडचण पुढे होती. बंडी काठावर थांबे, आणि काठापासून पाण्यापर्यंतची पन्नास-पाऊणशे पावले कोणत्याच गाडीची नव्हती. पूर्णेच्या दोन्ही तीरांचा हा खारपाणपट्टा. माती काळी, चिकट, ओली झाली की लोण्यासारखी निसरडी. सकाळपासून हजारो ओल्या पायांनी तुडवलेला तो उतार दोन पायांच्या माणसालाही भारी जाई. दुखणाइताला चवाळ्यात घालून चौघांनी खाली न्यावे, तर चौघांतला एक घसरला की पाचही जण चिखलात. म्हणून पुष्कळदा कोणी तरी लोटाभर पाणी वर घेऊन येई आणि बंडीतच त्याच्या डोक्यावर ओती. वीस-पंचवीस मैल हाडे खिळखिळी करून आलेला माणूस नदीपासून हाकेच्या अंतरावर कोरडाच राही. कुशाच्या पुतळ्याला निदान बुडी तरी मिळत होती.

आंधळ्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांना हात धरणारा मिळाला की वाट मिळे, आणि भजनात, कीर्तनात त्यांना मान असे. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज हे याचे मोठे उदाहरण. त्यांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावतीजवळच्या लोणी टाकळीचा. वडिलांचे गाव माधान. नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. तरी या माणसाने दुसऱ्यांकडून वाचवून घेऊन शास्त्रे आत्मसात केली, दुसऱ्यांच्या हातांनी शंभराहून अधिक ग्रंथ लिहवले, आळंदीच्या ज्ञानेश्वरांना आपली माऊली मानले, आणि १९१५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी पुण्यात देह ठेवला. त्यांच्या तत्त्वज्ञानावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष जाते ते त्यांच्या भोवतीच्या माणसांकडे. वाचणारा, लिहून घेणारा, हात धरून चालवणारा अशा सोबत्यांची एक सततची दिंडीच त्यांच्याबरोबर असली पाहिजे. त्यांच्यावाचून हे घडले नसते. गुलाबराव महाराजांना ती सोबत लाभली. खेड्यातल्या सामान्य आंधळ्याला ती यात्रेपुरती लाभे.

आणि ज्याला ती मुळीच लाभत नसे, तो महारोगी. हा शब्द आज वापरू नये हे मला मान्य आहे, कुष्ठरुग्ण म्हणावे. परंतु जुन्या कागदात आणि जुन्या माणसांच्या तोंडी तोच शब्द आहे, आणि त्यातला भेदरलेपणा पुसून टाकला तर इतिहास कळणार नाही. हा माणूस घरच्या बंडीतून येत नसे. घर त्याने सोडलेले असे, किंवा घराने त्याला. असे चार-सहा जण मिळून पायी निघत आणि वर्षभर एका यात्रेवरून दुसऱ्या यात्रेला जात. परतवाड्याजवळच्या बहिरमची यात्रा महिन्याहून अधिक चाले. मग ऋणमोचन, मूर्तिजापूरजवळची लाखपुरी, कार्तिकात कौंडण्यपूर. खऱ्या अर्थाने ज्यांचा जन्म तीर्थयात्रेत गेला असे लोक तेच, आणि त्यांना यात्रेकरू मात्र कोणी म्हटले नाही. रस्त्याच्या दुतर्फा फडके पसरून बसलेली ती एक रांग होती. यात्रेकरू तिच्या मधून जात आणि पैसा टाकीत.

सरकारही त्यांच्याकडे पाहू लागले होते. १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेनने या रोगाचा जंतू शोधला. १८८९ साली हवाई बेटांकडच्या मोलोकाई येथे रोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन याच रोगाने वारले, आणि युरोपात घबराट उडाली. तिकडून एक आयोग हिंदुस्थानात आला. १८९०-९१ मध्ये देशभर हिंडून त्याने निष्कर्ष काढला की संसर्गाने हा रोग पसरण्याचे प्रमाण अगदी थोडे आहे. इतके शहाणे मत हाती असूनही १८९८ साली ‘लेपर्स ॲक्ट’ झालाच. भीक मागणाऱ्या दरिद्री कुष्ठरोग्याला पोलिसाने वॉरंटवाचून पकडावे, आश्रमात डांबावे, अशी त्यात तरतूद होती. जिथे कायदा लागू केल्याचे जाहीर होई तिथे सरकारला आणखी हुकूम काढता येई: रोग्याने खाण्याचे जिन्नस विकू नयेत, मनाई असलेल्या सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर स्नान करू नये, भाड्याच्या सार्वजनिक गाडीत बसू नये. आगगाडी तेवढी यातून वगळली होती. वगळली म्हणजे दार उघडे होते असे समजू नका. संसर्गजन्य रोग असलेल्याने परवानगीवाचून डब्यात शिरू नये असे कलम रेल्वेच्या स्वतःच्या १८९० च्या कायद्यात होतेच. आणि जिथे कोणताच कायदा पोचला नव्हता तिथे रूढी पुरेशी होती. टांगेवाल्याला कलम वाचायची गरज नसे.

भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही ठाणी त्यावरची. पुढे मूर्तिजापूरहून एक अरुंद फाटा अचलपूरकडे आणि दुसरा यवतमाळकडे गेला. आमच्या लोकांनी त्या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले. आज तीही बंद पडली आहे. पण तिच्या काळात पांगळ्या माणसाला उचलून डब्यात ठेवणे ही घराघरातली सवय होती. आगगाडीने यात्रेकरूंचे पुण्य निम्मे झाले असेल, आजाऱ्यांची यात्रा मात्र शक्य झाली.

युरोपातही नेमके याच काळात, याच आगगाडीमुळे, असेच घडत होते. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लूर्द गाव आहे. १८५८ साली तिथे एका गरीब मुलीला मेरीमातेचे दर्शन झाल्याची वार्ता पसरली, आणि पंधरा-वीस वर्षांत खास आजाऱ्यांना घेऊन जाणाऱ्या गाड्या पॅरिसहून सुटू लागल्या. स्ट्रेचर वाहणाऱ्या, रोग्यांना स्नान घालणाऱ्या स्वयंसेवकांचा संघ १८८५ साली तिथे उभा राहिला. एमिल झोलाच्या १८९४ च्या ‘लूर्द’ कादंबरीची सुरुवातच अशा एका डब्यात होते. तिथल्या मिरवणुकीत आजाऱ्यांना पुढे जागा असते. चमत्कार तपासायला डॉक्टरांची कचेरीही आहे. आजवर सत्तरीच्या घरातल्या रोगमुक्तींना चर्चने चमत्कार म्हणून मान्यता दिली आहे. लाखो आजारी गेले आणि सत्तरेक बरे ठरले, तरी गाड्या रिकाम्या गेल्या नाहीत. आजारी माणूस तिथे बरे होण्याच्या आशेने जातो हे खरे. पण वर्षातून एकदा आपण कोणाला अडचण वाटत नाही, एवढ्यासाठीही जात असावा, असे मला वाटते.

ऋणमोचनला असा संघ नव्हता, पैसेवाले पाठीराखे नव्हते. तिथे एक परीट आला.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव-सुर्जीजवळच्या शेंडगावी झाला. बाप दारूने गेला. आई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, भावाकडे आली. तिथे डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, मामाची शेती वाढवली, आणि एक दिवस सावकाराच्या कागदावर मामाचा अंगठा होता एवढ्याने ती शेती गेली. मामाने हाय खाल्ली आणि तो गेला. हे प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ च्या चरित्रात तपशिलाने दिले आहे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी, डोक्यावर गाडगे. लोकांनी त्यालाच त्याचे नाव करून टाकले. ज्याच्या घरादाराचा कर्जाने घास घेतला, त्या माणसाच्या कामाची पहिली मोठी जागा ऋणमोचन असावी, हा योग कोणी जुळवून आणलेला नाही. दापुऱ्याच्या माणसाला जवळची यात्रा तीच होती.

त्याने तिथे देवळात जाऊन काही मागितले नाही. तो त्या निसरड्या उताराशी जाऊन उभा राहिला. झाडणे, चिखल ओढणे, बायाबापड्यांना पाय ठेवण्यापुरती जागा करणे, अशी सुरुवात झाली. १९०८ साली लोकवर्गणीतून तिथे पूर्णेवर घाट बांधला गेला. गाडगेबाबांच्या कामांच्या यादीत या घाटाला बहुधा एक ओळ मिळते. पुढच्या धर्मशाळा, शाळा, गोरक्षणे यांच्या मानाने ते काम लहानच. मला ते सगळ्यांत मोठे वाटते. बंडी थांबे तिथून पाण्यापर्यंतची ती पन्नास-पाऊणशे पावले, ज्यांचा विचार कोणत्याही पुराणाने केला नव्हता, ती एका निरक्षर माणसाने मोजली. (आजचा इंजिनिअर म्हणेल, पायऱ्या कशाला, उतार करायचा होता, चाकाची खुर्ची गेली असती. म्हणू द्या. १९०८ साली ऋणमोचनला चाकाची खुर्ची नव्हती. खांद्यावर माणूस घेतलेले चौघे होते, आणि त्यांना पायरीच हवी होती.)

दुसरी गोष्ट पंगतीची. पुढे वर्षानुवर्षे पौषात बाबा ऋणमोचनला येत. रस्त्याच्या कडेची ती फडके पसरलेली रांग, आंधळे, पांगळे, महारोगी, यांना ते गोळा करीत, अंघोळी घालीत, कपडे देत आणि पानावर बसवून जेवू घालीत. नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर, जिथे जिथे यात्रा तिथे तिथे त्यांनी हाच प्रघात पाडला. यावर आक्षेप घेणारे तेव्हाही होते, आजही आहेत. अन्नछत्राने भिकारी वाढतात, हा आक्षेप. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु भिकेचा पैसा वरून खाली पडतो आणि पंगतीतले अन्न पानावर वाढले जाते, यातला फरक ज्याने दोन्ही घेतले आहे त्याला कळतो. शिवाय बाबांनी नवसाला, पशुबळीला, अंगाऱ्या-धुपाऱ्याला जन्मभर झोडपले. ‘इथे स्नान करून तू बरा होशील’ असे त्यांनी रोग्याला कधी सांगितले नाही. लूर्दपेक्षा ही वाट निराळी होती. बरे होण्याचे आमिष नाही, तरी यात्रेत जागा आहे.

धर्मशाळांचे काम यातूनच निघाले असे माझे मत आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ साली सुरू झाली. पुढे मराठा धर्मशाळा, परीट धर्मशाळा, आणि नाशिक, आळंदी, देहू येथल्या इमारती. मूर्तिजापूरला १९२५ साली गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय निघाले. जातिभेदावर कोरडे ओढणाऱ्या माणसाने जातवार धर्मशाळा का बांधाव्यात, असा प्रश्न विचारला गेला आहे, आणि तो विचारायलाच हवा. माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर साधे आहे. पंढरपुरात रात्र काढायची जागा ज्याला मिळत नव्हती त्याला ती आज मिळावी. जात उद्या जाईल तेव्हा जाईल. हे उत्तर मला पूर्ण पटत नाही. पण चोखामेळा धर्मशाळेची इमारत बाबांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली, तेव्हा त्यांच्या मनात पुढची पायरी होती, हे दिसते. एकाही इमारतीवर त्यांनी आपला वा आपल्या घरच्यांचा हक्क ठेवला नाही.

वर्षातून एक दिवस पंगत झाली. उरलेल्या दिवसांचे काय? या प्रश्नाला अमरावतीतच दुसऱ्या एका माणसाने हात घातला. डॉ. शिवाजीराव पटवर्धन हे स्वातंत्र्याच्या चळवळीतून आलेले. १९४६ साली त्यांनी शहराबाहेरच्या माळावर कुष्ठरोग्यांसाठी वसाहत सुरू केली. तेच तपोवन. तिथे रोग्यांनी शेती केली, सुतारकाम केले, विणकाम केले. ज्या हातांना लोक पैसा लांबून टाकीत त्याच हातांनी केलेल्या वस्तू विकल्या जाऊ लागल्या. १९५९ साली सरकारने पटवर्धनांना पद्मश्री दिली. परतवाड्याजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मिशनचे कुष्ठरुग्णालय त्याआधीपासून होते, आणि बाबा आमट्यांचे आनंदवन वरोऱ्याला याच सुमारास उभे राहिले. योगही जुळून आला: डॅप्सोन हे औषध त्याच दशकात हाती आले, आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधांचा उपचार सुचवल्यानंतर हा रोग ठरावीक मुदतीत बरा होऊ लागला. १८९८ चा कायदा मात्र पुस्तकात तसाच राहिला. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. असो.

एका यात्रेकरूच्या दृष्टीने पाहिले तर तपोवनाचा अर्थ काय? बहिरम, ऋणमोचन, लाखपुरी, कौंडण्यपूर ही न संपणारी पायपीट तिथे थांबली. पण वस्ती गावाबाहेरच होती. घरची बंडी त्याला न्यायला आली नाही. पटवर्धनांचा यात काही दोष नाही. ज्याला गाव घेत नव्हते त्याला त्यांनी नवे गाव दिले, एवढेच एका माणसाच्या हातात होते. बाबा आमट्यांनी पाठीच्या दुखण्याने बसताही येत नसताना १९८५-८६ मध्ये गाडीत आडवे पडून कन्याकुमारी ते काश्मीर यात्रा केली, सोबत सायकलीवरून तरुण पोरे. ती बातमी वाचली तेव्हा मला आजीच्या बंडीतला क्रम आठवला.

गाडगेबाबांचा स्वतःचा विचार अखेरच्या वर्षांत आणखी एका वळणावर आला होता. १९५२ च्या फेब्रुवारीत गाडगेबाबा मिशन स्थापन झाले, आणि १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. पन्नास वर्षे यात्रेच्या ठिकाणी धर्मशाळा बांधणाऱ्या माणसाने ही धर्मशाळा इस्पितळाजवळ बांधावी, याकडे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही. खेड्यातला माणूस आजाऱ्याला घेऊन कुठे निघाला आहे, हे त्यांनी पाहिले. चंद्रभागेला जाणारी बंडी आता भायखळ्याकडे वळली होती, आणि तिथेही शेवटच्या पन्नास पावलांचा प्रश्न तोच होता. रोगी आत खाटेवर. त्याच्याबरोबर आलेली बायको, भाऊ, म्हातारी आई फुटपाथवर. आजाऱ्याचा हात धरून आलेल्याला रात्री पाठ टेकायला जागा मिळाली नाही, तर तो चौथ्या दिवशी आजाऱ्याला घेऊन गावी परततो.

२० डिसेंबर १९५६ रोजी बाबा अमरावतीकडे येत होते. ते स्वतः आजारी होते. अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच त्यांचा प्राण गेला. आंबेडकर जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते.

मिशनने ते काम पुढे नेले. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते, आणि कर्करोगाच्या रोग्यांना तिथे आठवड्यांचे नव्हे, महिन्यांचे येणे-जाणे असते. १९८४ साली दादरला गाडगे महाराज धर्मशाळा उभी राहिली. कर्करोगाचे रोगी आणि त्यांचे सोबती तिथे नाममात्र खर्चात राहतात. देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक येतात, आणि वऱ्हाडातलेही पुष्कळ असतात. नागपूर-अकोल्यालाही आता कर्करोगाची रुग्णालये झाली आहेत, तरी मुंबईची वाट थांबलेली नाही.

ती वाट आगगाडीची. अमरावतीहून मुंबईची गाडी संध्याकाळी सुटते. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव. शेगावला गजानन महाराजांच्या दिशेने डब्यातले हात जोडले जातात. उपचाराला निघालेल्या कर्करुग्णाला रेल्वेची सवलत मिळते. शयनयानात त्याला भाडे पडत नाही, सोबत्यालाही पुष्कळ सूट असते. ज्या रेल्वेच्या कायद्यात रोग्याला परवानगीवाचून शिरू नको असे लिहिले होते, तिच्याच खिडकीवर आता डॉक्टरांचा कागद दाखवून तिकीट निघते. डब्यात एकाच गावचे तिघे-चौघे भेटतात, नाही तर रात्रीत ओळख होते. कुणाची ही तिसरी खेप असते, कुणाची पहिली. तिसऱ्या खेपेचा पहिल्याला सांगतो: रांगेत किती वाजता उभे राहायचे, फाईल कुठे करायची, दादरला उतरून कोणता पूल धरायचा. शिदोरी उघडते, भाकरी-ठेचा फिरतो, आणि ज्याला गिळता येत नाही त्याच्यासाठी कोणी तरी थर्मासमधले दूध पेल्यात ओतते. खालचा बाक आजाऱ्याचा. सोबती दाराशी, आपल्या गाठोड्यावर, पाय पोटाशी घेऊन बसलेला असतो.